मराठा मंदिरात ‘दिलवाले’ खरंच अखंड चालू आहे का?

‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात 1995 पासून एकही दिवस न चुकता चालू आहे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. 20 ऑक्टोबर 1995 ला प्रदर्शित झालेला हा सिनेमा तिथे वर्षानुवर्षं टिकला, डिसेंबर 2014 मध्ये त्याने हजार आठवडे पूर्ण केले, हे सगळं खरं. पण फेब्रुवारी 2015 मध्ये, 1,009 आठवड्यांनंतर, थिएटरने तो चक्क उतरवायचं ठरवलं होतं. चाहत्यांनी एवढा गलका केला की लगेच परत लावावा लागला. पुढे मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे राज्यातली सगळीच थिएटरं बंद झाली आणि तेव्हा काही महिने पडदा कोराच राहिला.

दुसरा गैरसमज म्हणजे तिथे दिवसभर हाच सिनेमा लागतो. तसं नाही. त्याचा रोज एकच खेळ, सकाळी साडेअकराचा. बाकीच्या वेळी नवे सिनेमे लागतात. मला तर वाटतं, खंड पडूनही लोकांनी तो पुन्हा लावायला लावला, यातच त्याचं खरं मोठेपण दिसतं. विक्रम सांगायचाच तर हे खंडही सांगा.