शिकारीच्या मांसाची विक्री : अन्नसुरक्षेचे नियम

रानात शिकार केलेल्या पशुपक्ष्यांचे मांस शिकाऱ्याकडून ग्राहकाकडे जाताना ते खाण्यास निर्धोक राहावे म्हणून घालून दिलेले नियम. जेथे शिकार कायदेशीर आहे आणि तिचे मांस विकायलाही मुभा आहे, तेथेच त्यांना अर्थ असतो. शिकाऱ्याच्या स्वतःच्या घरात काय शिजते यात कायदा सहसा डोकावत नाही. मांस उंबऱ्याबाहेर गेले की मात्र गोष्ट बदलते. युरोपीय संघाच्या २००२ च्या मूळ अन्नकायद्यात ‘बाजारात आणणे’ या संज्ञेत विकण्याबरोबर फुकट देणेही धरले आहे.

पाळीव जनावराच्या मांसासाठी आधीच कडक नियम असताना रानच्या मांसाला वेगळे नियम का लागतात? कत्तलखान्यात जनावर स्वतःच्या पायांनी चालत येते. पशुवैद्यक ते आधी जिवंत पाहतो. लंगडते का, धापा टाकते का, नाकातून स्राव वाहतो का, हे बघूनच त्याला आत सोडतो. मग कापल्यावर आतले अवयव तपासतो. रानातल्या सावजाची यातली पहिली तपासणी होऊच शकत नाही. त्याला जिवंत पाहणारा एकच माणूस असतो, आणि तो त्याच्यावर बंदूक रोखून बसलेला असतो. शिकारीच्या मांसाचे सगळे नियम या एका अडचणीतून निघाले आहेत. पशुवैद्यकाच्या डोळ्यांची जागा शिकाऱ्याच्या डोळ्यांनी घ्यायची, आणि त्याने जे पाहिले ते लिहून द्यायचे. तपासणारा आणि विकणारा एकच, ही या व्यवस्थेतली कच्ची बाजू उघडच आहे. पण दुसरा साक्षीदार आणायचा कोठून?

युरोपीय संघाचा २००४ चा ८५३ क्रमांकाचा विनियम या बाबतीत सर्वांत तपशीलवार आहे. शिकारीच्या टोळीत निदान एक तरी प्रशिक्षित माणूस हवा, अशी त्याची अपेक्षा आहे. जनावराची शरीररचना व वागणूक, रोगांची लक्षणे, आतडी काढण्याची व मांस वाहून नेण्याची स्वच्छ पद्धत आणि कायदा, एवढे या प्रशिक्षणात येते. हरीण किंवा रानडुक्कर यांसारखे मोठे सावज पडले की त्याचे पोट व आतडी शक्य तितक्या लवकर काढायची, गरज असल्यास रक्त वाहू द्यायचे, आणि प्रशिक्षित माणसाने धड व काढलेले अवयव पाहायचे.

हे पाहणे म्हणजे नुसती नजर फिरवणे नव्हे. यकृत हातात घेऊन त्याच्या कडा, रंग आणि घट्टपणा बघतात. त्यात चापट कृमी निघाले तर निदान ते यकृत तरी टाकून द्यावे लागते. प्लीहा सुजली आहे का, फुप्फुसे बरगड्यांना चिकटली आहेत का, हे बोटांनी चाचपतात. आतड्यांच्या पडद्यातल्या लसिका ग्रंथी फुगून त्यांत दह्याच्या गाठीसारखा पू भरला असेल, तर क्षयाची शंका घ्यावी लागते. तसे धड विक्रीला जात नाही, अधिकाऱ्यांना कळवावे लागते. ट्युलारेमिया या जिवाणूजन्य रोगाने आजारी पडलेल्या सशाचे यकृत आणि प्लीहा पांढऱ्या ठिपक्यांनी भरतात. हा रोग ससा सोलताना हाताच्या बारीक जखमेतूनही माणसाला होतो. म्हणून हातमोजे खाणाऱ्याइतकेच शिकाऱ्यासाठीही आहेत.

सगळे ठीक दिसले की धडासाठी क्रमांक घातलेले निवेदन देतात. मजकूर मोजकाच : गोळी घालण्यापूर्वी वागणुकीत वावगे काही दिसले नाही, अवयवांत दोष आढळला नाही, परिसर प्रदूषित असल्याचा संशय नाही, खाली मारल्याची तारीख, वेळ आणि जागा. हे निवेदन असेल तर हरणाचे डोके व अवयव धडाबरोबर पाठवावे लागत नाहीत; रानडुकराचे सुळे सोडून डोके आणि मध्यपटल (छाती व पोट यांमधला स्नायूंचा पडदा) मात्र पाठवावेच लागते. टोळीत प्रशिक्षित माणूस नसेल, तर शिंगे किंवा सुळे सोडून डोके, आणि पोट-आतडी सोडून बाकीचे सर्व अवयव धडामागोमाग मांस-प्रक्रिया केंद्रात जातात, म्हणजे तिथला पशुवैद्यक ते पाहू शकतो. छोट्या सावजाला, म्हणजे ससे व पक्षी यांना, असे एकेक निवेदन लागत नाही.

दुसरी लढाई उष्णतेशी असते. जनावर मेले तरी त्याच्या पोटातले जंतू मरत नाहीत. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या कोठ्यात आंबण्याची क्रिया चालूच राहते, पोट फुगते, आणि जाड केसाळ कातड्याखाली शरीराची ऊब तासन्‌तास कोंडून राहते. गोळी पोटात बसली असेल तर आतड्यांतली घाण थेट मांसावर पसरते. पाण्याने खळखळून धुतले की काम झाले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पाणी ती घाण स्वच्छ भागांवरही नेते, म्हणून माखलेला भाग सरळ कापून टाकणेच बरे. कोंडलेली ऊब घालवण्यासाठी मोठ्या सावजाचे मांस आतपर्यंत ७ अंश सेल्सियसच्या खाली आणि छोट्याचे ४ अंशांच्या खाली न्यावे लागते. बाहेरची हवाच पुरेशी थंड असेल तर शीतपेटीची सक्ती नाही, एवढी समज विनियमात आहे. गाडीत धडांचा ढीग घालायला मात्र मनाई आहे, कारण ढिगाच्या मधली धडे निवतच नाहीत. सावज मारले कसे यावरही मांसाचे टिकणे अवलंबून असते. विसावलेल्या जनावराच्या स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली शर्करा, असते. मृत्यूनंतर त्यापासून आम्ल तयार होऊन मांसाचा पीएच (आम्लतेचे माप; जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.४ ते ५.८ पर्यंत उतरतो, आणि हे आम्ल जंतूंना आवर घालते. हाक्यात लांबवर पळवून दमवलेल्या जनावराचे ग्लायकोजेन आधीच संपलेले असते. त्याचे मांस काळसर, चिकट राहते आणि लवकर नासते.

रानडुकराला आणखी एक तपासणी चुकत नाही. ट्रायकिनेला या सूत्रकृमीच्या अळ्या त्याच्या स्नायूंत असू शकतात, आणि त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे शिकाऱ्याची साक्ष इथे पुरत नाही. जीभ, पुढचा पाय किंवा मध्यपटल यांतून ५ ग्रॅम मांस घेतात. अनेक डुकरांचे नमुने एकत्र करून पेप्सिन (जठरातले पाचक द्रव्य) व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या कोमट द्रावणात सुमारे अर्धा तास ढवळतात. म्हणजे प्रयोगशाळा पोटाचेच काम करते. मांस विरघळते, अळ्या तळाशी बसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना सापडतात. निकाल येईपर्यंत मांस बाजारात जात नाही. मांस गोठवले की धोका टळला, हा समज रानच्या मांसाबाबत धोक्याचा आहे; या कृमीच्या काही रानटी जाती गोठणे सहन करतात. खारवणे, धुरावणे, वाळवणे यांवरही भरवसा ठेवता येत नाही. आतपर्यंत नीट शिजवणे हाच उपाय. रानडुक्कर व हरीण यांच्या अर्धकच्च्या मांसातून हेपेटायटिस-ई हा यकृताचा विषाणूजन्य रोग झाल्याचीही उदाहरणे आहेत. आफ्रिकी डुक्करज्वर माणसाला होत नाही. तरीही तो पसरलेल्या भागातून रानडुकराचे मांस बाहेर नेण्यावर कडक निर्बंध असतात, ते पाळीव डुकरांसाठी.

ही सारी यंत्रणा दोन-चार हरणे मारणाऱ्या गावच्या शिकाऱ्याला पेलणारी नाही. म्हणून संघाच्या विनियमात एक पळवाट मुद्दाम ठेवली आहे. थोड्या प्रमाणात सावज किंवा मांस थेट खाणाऱ्याला, अथवा ग्राहकाला थेट विकणाऱ्या स्थानिक दुकानाला वा हॉटेलला दिले, तर हा विनियम लागू होत नाही. तिथे त्या त्या देशाचे नियम चालतात. ‘थोडे’ म्हणजे किती आणि ‘स्थानिक’ म्हणजे कुठपर्यंत, हे प्रत्येक देश आपापले ठरवतो, आणि खरे वाद तिथेच होतात. ब्रिटनमध्ये यातली रेघ कातड्यापाशी ओढली आहे. कातड्यासकट हरीण किंवा पिसांसकट पक्षी देणारा शिकारी कच्चा माल पुरवणारा ठरतो. सोलून, तुकडे करून विकणारा अन्नव्यावसायिक ठरतो. त्याला नोंदणी करावी लागते आणि धुता येईल अशी जागा, शीतपेटी व कामाच्या नोंदी ठेवाव्या लागतात.

शिशाचा प्रश्न नियमांनी बराच काळ टाळला. शिशाची गोळी हाडावर आदळली की तिचे कण जखमेपासून दूरवरच्या मांसातही विखुरतात. ते इतके बारीक असतात की दाताखाली कचकचही येत नाही. जखमेभोवतीचा भाग सढळ हाताने कापून टाकला तरी सगळे निघत नाहीत. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांनी असे मांस टाळावे, असा सल्ला अनेक देशांच्या अन्नसंस्था देतात. डेन्मार्कने शिशाच्या छऱ्यांवर १९९६ मध्ये आणि गोळ्यांवर २०२४ मध्ये बंदी घातली. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांपुरती शिशाच्या छऱ्यांवर बंदी आणली, तीही मुख्यतः पाणपक्ष्यांसाठी. जर्मनीच्या दक्षिण भागात आणखी एक तपासणी आहे, किरणोत्साराची. १९८६ च्या चर्नोबिल अणुभट्टी अपघातातले किरणोत्सारी सिझियम तिथल्या जंगलाच्या मातीत उरले आहे. जमिनीखालची एक बुरशी ते शोषते आणि रानडुकरे ती उकरून खातात. किलोमागे ६०० बेकरेलपेक्षा (बेकरेल हे किरणोत्साराचे एकक) जास्त निघाले तर ते मांस विकता येत नाही.

जपानमध्ये हरणे व रानडुकरे शेतीची नासाडी करतात म्हणून त्यांची शिकार वाढली. तिथे २०१४ मध्ये रानच्या मांसाच्या स्वच्छतेसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आली. विक्रीचे मांस परवानाधारक केंद्रातच कापावे लागते. अमेरिकेने उलट दिशा धरली. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने तिथले प्राणी संपत आले, तेव्हा राज्यांनी शिकारीचे मांस विकण्यावरच बंदी घातली आणि १९०० च्या लेसी कायद्याने अशा मालाच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घातला. तिथल्या हॉटेलातले हरणाचे मांस बहुधा पाळलेल्या हरणांचे किंवा आयात केलेले असते. मोकाट सुटलेली डुकरे हा तिथला अपवाद आहे. टेक्सासात त्यांचे मांस विकता येते, पण गोळी घालून मारलेल्या डुकराचे नाही. डुक्कर पिंजऱ्यात जिवंत धरून कत्तलखान्यात न्यावे लागते, म्हणजे निरीक्षकाला ते मारण्यापूर्वी पाहता येते.