सी-४१ कृष्णधवल फिल्म आणि तिची बिननावाची खरेदी

रंगीत निगेटिव्ह ज्या सी-४१ प्रक्रियेत धुतात, त्याच प्रक्रियेत धुवायची कृष्णधवल फिल्म. छायाचित्रकार तिला ‘कलर लॅबमध्ये चालणारी ब्लॅक अँड व्हाइट’ म्हणतात. उत्पादकाचे नाव नसलेल्या डबीतून ती घेताना काय पाहावे, हा या नोंदीचा मुख्य विषय आहे. संदर्भ बडोद्याचा आहे.

कृष्णधवल फिल्म म्हटली की एकच वस्तू डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नेहमीच्या फिल्मवर प्रतिमा चांदीची असते. प्रकाश पडलेल्या चांदीच्या क्षारांचे डेव्हलपर काळ्या धातुकणांत रूपांतर करतो, उरलेले क्षार फिक्सर विरघळवतो आणि कण तसेच राहतात. सी-४१ फिल्ममध्येही सुरुवात चांदीनेच होते, पण थरात रंगजनक द्रव्ये मिसळलेली असतात. डेव्हलपर चांदीवर काम करताना स्वतः बदलतो आणि या द्रव्यांशी संयोग पावून रंगद्रव्य तयार करतो. मग ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून टाकतात. शेवटी फिल्मवर चांदी नसते, रंगद्रव्याचे सूक्ष्म ढग असतात. रंगीत निगेटिव्हमध्ये असे ढग तीन रंगांचे असतात. इथे सगळे मिळून एक करडी प्रतिमा उमटते.

कोडॅकने सी-४१ प्रक्रिया १९७२ मध्ये आणली. तिच्यात धुता येणाऱ्या कृष्णधवल फिल्म इलफर्ड आणि आग्फा यांनी १९८० च्या सुमारास बाजारात आणल्या. कोपऱ्याकोपऱ्यावर कलर लॅब होत्या त्या काळात त्यांचा फायदा उघड होता: डार्करूम नसली तरी तासाभरात कृष्णधवल प्रिंट हातात. कोडॅकने आपली बीडब्ल्यू४००सीएन ही फिल्म २०१४ मध्ये बंद केली. इलफर्डची एक्सपी२ सुपर आजही मिळते.

बिननावाची फिल्म अनेक वाटांनी येते. कधी मोठ्या कंपनीचा माल दुकानाच्या लेबलखाली विकला जातो, कधी जुना साठा डबीवरचा कागद निघालेल्या अवस्थेत मिळतो. सगळ्यांत जास्त रोल हाताने भरलेले असतात: साधारण ३० मीटर लांबीची फिल्म घेऊन अंधारात तिचे छत्तीसचे अठरा-एकोणीस रोल करतात. अशी भरलेली कृष्णधवल फिल्म बहुधा चांदीची असते, आणि सिनेमाची कृष्णधवल निगेटिव्ह कापून भरली असेल तर तीही चांदीचीच. म्हणून बिननावाच्या डबीवर सी-४१ असे छापलेले नसेल, तर ती चांदीची आहे असे धरून चालावे. ‘लॅबमध्ये चालेल ना?’ या प्रश्नाला दुकानदार सवयीने हो म्हणतो. ‘डबीवर सी-४१ कुठे लिहिलंय, दाखवा’ असे विचारले तर तोही डबी उलटून पाहतो.

इतका आग्रह धरायचे कारण असे, की चूक दुरुस्त होत नाही. चांदीची फिल्म सी-४१ मधून गेली तर ब्लीच आणि फिक्सर मिळून प्रतिमेची चांदीच धुऊन नेतात. मुंजीचे, बारशाचे, आजीच्या शेवटच्या दिवाळीचे छत्तीस फोटो कोऱ्या, पारदर्शक पट्टीच्या रूपात परत येतात. ही पट्टी नीट पाहावी. कॅमेऱ्यात रोल सरकलाच नसेल तर फोटो नसतात, पण फिल्मच्या कडेला कारखान्यात उमटवलेले आकडे आणि नाव दिसते. कडेचे आकडेही गेले असतील, तर दोष कॅमेऱ्याचा नाही. फिल्म चुकीच्या प्रक्रियेतून गेली आहे.

शंका असेल तर फोटो काढण्याआधीच परीक्षा घेता येते. डबीबाहेर लोंबणारी जीभ, म्हणजे लीडर, उजेडात आलेलीच असते. तिचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून ओळखीच्या लॅबमधून सी-४१ ची रसायने थोडी मागावीत आणि वाटीत डेव्हलपर, ब्लीच, फिक्सर या क्रमाने तो बुडवावा. तुकडा गडद राहिला तर फिल्म रंगद्रव्याची. काचेसारखा स्वच्छ झाला तर चांदीची. ती कलर लॅबला देऊ नये. एकाच लॉटचे दहा रोल घेतले असतील तर एका तुकड्याने दहांचाही निकाल लागतो. लीडर आत गेलेला असेल तर एक रोल परीक्षेसाठी खर्ची घालावा. माझ्या मते हा खर्च कधीच वाया जात नाही.

बडोद्यात कृष्णधवल छायाचित्रणाचा मान मोठा आहे. १९५० मध्ये सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत शिकवणारे ज्योती भट्ट यांनी गुजरात-राजस्थानच्या खेड्यांतली भिंतीवरची आणि अंगणातली लोककला कृष्णधवल छायाचित्रांत नोंदवली. त्यांतली साठ-सत्तरच्या दशकांतली छायाचित्रे चांदीच्या फिल्मवरचीच, कारण दुसरा प्रकार तेव्हा नव्हता. चांदीची फिल्म घरी धुणाऱ्याची खरी अडचण इथे मे महिन्यात येते. तिच्या डेव्हलपरचे नेहमीचे तापमान २० अंश. दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी मात्र दुपारी हाताला चटका देते. बाटली बर्फाच्या परातीत ठेवून थर्मामीटरकडे पाहत बसावे लागते. सी-४१ चा डेव्हलपर ३७.८ अंशांवर सव्वातीन मिनिटे चालतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी थंड करण्याची यातायात उरत नाही. मात्र अर्ध्या अंशाचाही फरक या प्रक्रियेला सोसत नाही, म्हणून ते काम लॅबच्या मशीनचेच.

वापरात सी-४१ कृष्णधवल फिल्मचा स्वभाव उलटा आहे. चांदीच्या फिल्मला प्रकाश जास्त मिळाला की कण जाड दिसतात. हिच्यात ढग एकमेकांत मिसळून प्रतिमा अधिक मऊ होते. जुन्या बिननावाच्या रोलवर प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा (आयएसओ) ४०० लिहिला असला तरी कॅमेरा २०० वर ठेवून दुप्पट प्रकाश देणे त्यामुळे शहाणपणाचे. स्कॅन करताना आणखी एक सोय होते: रंगद्रव्यातून इन्फ्रारेड किरण आरपार जातात, म्हणून स्कॅनरची धूळ काढण्याची सुविधा हिच्यावर चालते, चांदीच्या निगेटिव्हवर ती प्रतिमेलाच धूळ समजते. रंगीत कागदावर प्रिंट काढली तर हिरवट किंवा जांभळट झाक येऊ शकते. लॅबवाल्याला ती काढायला आधीच सांगावे.

रंगद्रव्य चांदीइतके टिकत नाही, आणि न वापरलेला रोलही उष्णतेने लवकर खराब होतो. रोल हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावेत. पावसाळ्यात बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नये, दोन-तीन तास तसाच राहू द्यावा. नाहीतर दमट हवेचे पाणी थेट फिल्मवर जमते.