कार्बन फायबरचा सांगाडा म्हणजे बॅटरी नव्हे

गाडीचा कार्बन फायबरचा सांगाडाच वीज साठवेल आणि बॅटरी लागणारच नाही, हा कोल्हापूरच्या उद्यमनगरात अनेकदा ऐकू येणारा समज चुकीचा आहे. कार्बनचे तंतू ऋण विद्युदग्र (बॅटरीतला निगेटिव्ह इलेक्ट्रोड) म्हणून लिथियम आयन, म्हणजे लिथियमचे विद्युतभारित कण, सामावून घेतात हे खरे. पण त्यांना धन विद्युदग्र, मधला विद्युतरोधक पडदा आणि भार पेलत आयन वाहून नेणारे माध्यम यांची जोड लागते, आणि खरी अडचण या माध्यमाचीच आहे, कारण आयन सहज वाहू देणारे पदार्थ बहुधा मऊ असतात. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठाने २०२४ मध्ये कार्बन तंतूंच्या अशा रचनेत किलोमागे ३० वॅट-तास साठवण आणि ७० गिगापास्कल, म्हणजे जवळपास ॲल्युमिनियमइतकी, ताठरता गाठली. ही कामगिरी मोठीच आहे. मात्र प्रचलित लिथियम सेल किलोमागे दीडशेहून अधिक वॅट-तास साठवतात, म्हणून असा सांगाडा तूर्त मुख्य बॅटरीचा भार हलका करू शकेल, तिची जागा घेणार नाही.