कथानक : रसास्वादातील स्थान

कथा, कादंबरी, नाटक किंवा चित्रपट यांतील घटनांची कार्यकारणभावाने बांधलेली रचना. मराठी समीक्षेत तिला संविधानक असेही म्हणतात. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केलेला भेद आजही सांगितला जातो : राजा वारला आणि मग राणी वारली, ही गोष्ट; राजा वारला आणि त्या दुःखाने राणीही वारली, हे कथानक.

ॲरिस्टॉटलने कथानकाला शोकात्मिकेचा आत्मा मानले आणि पात्रांचे स्वभाव दुय्यम ठरवले. भरताच्या नाट्यशास्त्रात मात्र इतिवृत्त, म्हणजे कथानक, हे नाट्याचे शरीर आहे. प्रेक्षकाने चाखायचा तो रस. शरीर म्हटले म्हणून त्याची हेळसांड झालेली नाही. बीजापासून कार्यापर्यंत पाच अर्थप्रकृती (कथावस्तूचे घटक), प्रारंभापासून फलागमापर्यंत, म्हणजे फळ हाती येईपर्यंत, पाच अवस्था आणि मुखापासून निर्वहणापर्यंत पाच संधी (कथानकाचे टप्पे), अशी त्याची बारकाईने मांडणी केलेली आहे.

‘पुढे काय होणार’ हे कुतूहल म्हणजेच कथानकाचा आनंद, असे सर्रास धरले जाते. संस्कृत परंपरेचा याला आधार नाही. रूपकांत, म्हणजे नाट्यप्रकारांत, श्रेष्ठ मानलेल्या ‘नाटक’ या प्रकाराला प्रख्यात, म्हणजे लोकांना आधीच ठाऊक असलेली, कथावस्तू लागते. कल्पित कथा ‘प्रकरणा’त चालते.

शाकुंतलात याचे मर्म दिसते. महाभारतात दुर्वासांचा शाप नाही, अंगठीही नाही. दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही लोकापवादाच्या भीतीने नाकारतो. कालिदासाने दुष्यंताला शकुंतलेचा विसर पाडणारा शाप आणि ओळखीची खूण म्हणून अंगठी घातली आणि जुनीच गोष्ट नव्याने बांधली. चौथ्या अंकात शाप उच्चारला जातो तो पडद्याआड. विचारात बुडालेल्या शकुंतलेला तो ऐकू येत नाही. तो ऐकतात तिच्या दोन सख्या आणि आपण. सख्या तिला सांगायचे नाही असे ठरवतात. पुढे दरबारात ती खूण दाखवायला बोट चाचपते आणि बोटात अंगठी नसते. प्रेक्षकाला धक्का फारसा बसत नाही, पण जीव तुटतो, कारण तिला ठाऊक नसलेले त्याला ठाऊक असते. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी हेच नाटक पुण्यात संगीतासह मराठीत आणले, तेव्हा शेवट काय हे विचारायला कोणी आले नसणार.

चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचे विवेचन याच अंगाने जाते. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचे आश्चर्य. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी कळले, तर पंधरा मिनिटांची उत्कंठा. कथानकाचे कसब कोणाला काय आणि कधी कळू द्यायचे, यात आहे.

सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्यातील दशावतारात पौराणिक आख्यानाचा सांगाडा प्रयोगाआधी कलाकारांत ठरतो. संवाद रंगमंचावर उत्स्फूर्त होतात. शेवट पोरासोरांनाही पाठ असतो. राजा आणि राक्षस एकमेकांना शब्दांत कसे गाठतात, हे ऐकायला लोक रात्र जागवतात. कीर्तनाच्या उत्तररंगातही, म्हणजे कथा सांगण्याच्या भागातही, श्रोत्यांना आख्यान ठाऊक असतेच, आणि बुवा ऐन प्रसंगावर थांबून अभंग घेतात तेव्हा कोणाची तक्रार नसते.

शेवट आधी कळल्याने मजा जाते का, यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्राच्या संशोधकांनी बारा लघुकथा घेऊन प्रयोग केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शेवट आधी वाचलेल्यांना त्या कथा सरासरीने जास्त आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत उलटेही आढळले, तेव्हा हा वाद मिटलेला नाही. रहस्यकथेच्या वाचकाला तर हे पटवायला जाऊच नये. खुनी कोण हे सांगून टाकणाऱ्या मित्राला तो सहजी माफ करत नाही, आणि त्याचे चुकतेही नाही : त्या प्रकारात लेखकाशी लावलेली पैज हाच खेळ असतो. तरी चांगली रहस्यकथा पुन्हा हाती घेतली जाते. दुसऱ्या वाचनात डोळे खुनी शोधत नाहीत, लेखकाने उघड्यावर ठेवलेले धागे शोधतात.

याच्या दुसऱ्या टोकाला १९४५ नंतरची मराठी नवकथा आहे. गंगाधर गाडगीळ आदींनी ठाशीव घटना आणि कलाटणीचा शेवट बाजूला सारून मनातल्या हालचालींना जागा दिली. अशा कथेचा सारांश सांगू गेले तर हाती फारसे काही लागत नाही.