गव्हाचे टेंपरिंग

रोलर गिरणीत (फिरत्या रुळांमध्ये धान्य दळणाऱ्या गिरणीत) दळण्यापूर्वी गव्हाला मोजून पाणी लावून ते दाण्यात मुरेपर्यंत बिनमध्ये, म्हणजे साठवण कोठीत, ठेवण्याची प्रक्रिया. पाण्याने कोंडा चिवट होतो आणि भुगा न होता मोठ्या पापुद्र्यांत सुटतो. आतला गर मऊ पडल्याने दळायला वीज कमी लागते.

मागो या कार्थेजच्या लेखकाच्या आधारे प्लिनी या रोमन लेखकाने गहू भरपूर पाण्याने भिजवून, कांडून टरफल काढून, उन्हात वाळवून पुन्हा कांडण्याची रीत सांगितली आहे. काही जण टेंपरिंगचा उगम तेथवर नेतात. मात्र त्या रीतीत शेवटच्या कांडण्याआधी गहू वाळवला जाई. ओल दाण्यात राखून दळण्याच्या आजच्या पद्धतीचा संबंध १९व्या शतकाच्या उत्तरार्धातील रोलर गिरण्यांशी जोडणे अधिक सयुक्तिक ठरते.

पाणी कोणत्या वाटेने आत शिरते, याबद्दल मतभेद आहेत. बाहेरची साल ते चटकन शोषते, तिच्याखालचे बीजकवच अडवते. अंकुराकडील टोकातून शिरकाव सर्वांत जलद होतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उरलेल्या पृष्ठभागाच्या वाट्याबद्दल एकमत नाही. काचेसारख्या कठीण गव्हात पाणी सावकाश मुरते. म्हणून कठीण गहू साधारण १६ ते १६.५ टक्के ओलाव्यावर १६ ते २४ तास ठेवतात. मऊ गव्हाला सुमारे १५ टक्के ओलावा आणि ६ ते १० तास पुरतात.

लागणारे पाणी = गव्हाचे वजन × (हवा असलेला ओलावा − मूळ ओलावा) ÷ (१०० − हवा असलेला ओलावा). १,००० किलो गहू ११ वरून १६ टक्क्यांवर नेण्यास ५९.५ लिटर लागतात. सरळ ५ टक्के धरून ५० लिटर घातले, तर ओलावा १५.२ टक्क्यांवरच अडतो. ही चूक वारंवार होते.

दळताना १ ते २ टक्के ओलावा उडतो. १३ टक्के ओलाव्याच्या १०० किलो पिठातील कोरडा अंश १४ टक्क्यांवर सुमारे १०१.२ किलो पीठ देतो. खर्चाच्या हिशेबात हा फरक लक्षणीय असला, तरी खरेदीदाराने ठरवलेली कमाल मर्यादा ओलांडता येत नाही. ओलावा कमी पडला तर कोंडा पिठात मिसळून राख (पीठ जाळल्यावर उरणारा खनिज अंश) वाढते. जास्त झाला तर गर कोंड्याला चिकटून राहतो, चाळण्या बुजतात, पिठाचा उतारा घटतो. पाणी बरोबर असूनही मुरायला वेळ अपुरा मिळाला, तर जास्त ओलाव्याचीच लक्षणे दिसतात. अशा वेळी पाणी कमी करण्याआधी बिनमधील वेळ तपासावी. थंड हवेत पीठ वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या आतल्या बाजूला पाणी साचून पिठाचे थर बसतात व त्यांना बुरशी लागते.