तीन पिनचा सॉकेट लावला म्हणजे अर्थिंग झालं?

जुन्या घरात दोन पिनच्या जागी तीन पिनचा सॉकेट बसवला की अर्थिंग मिळतं, असा समज आहे. तिसरं भोक दिसतं, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच. पण त्यामागे जमिनीपर्यंत जाणारी वायर नसेल, तर ते भोक नुसतं शोभेचं. काही जण तिथे न्यूट्रलच (करंट परत नेणारी वायर) जोडतात. हे जास्त घातक: न्यूट्रल तुटली की फ्रिजच्या पत्र्यातच करंट उतरतो.

टेस्टरने अर्थिंग कळत नाही. इलेक्ट्रिशियनकडून मेन बंद करून सॉकेट उघडून घ्या, अर्थची वायर वेगळी आहे ना ते बघा. मग मेन चालू करून मल्टिमीटरने फेज (करंट आणणारी वायर) आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायचं. ते फेज-न्यूट्रलच्या जवळपास हवं. नुसत्या आकड्यावर मात्र विसंबू नका, न्यूट्रलची जोडणीही तोच आकडा दाखवते.