स्प्रिंगच्या एअर रायफलीचा चाप व दस्ता

स्प्रिंगच्या एअर रायफलीत दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटली की दट्ट्या पुढे धावतो, त्याच्या पुढ्यातली हवा आकुंचन पावते आणि तिच्या दाबाने छर्रा नळीबाहेर पडतो. दट्ट्याला रोखून धरणारी व सोडणारी यंत्रणा म्हणजे चाप, आणि हा सगळा ऐवज ज्यात बसवलेला असतो तो लाकडी किंवा प्लॅस्टिकचा भाग म्हणजे दस्ता. काडतुसाच्या रायफलीत या दोन भागांचा विचार बऱ्याच अंशी वेगवेगळा करता येतो. येथे तो एकत्रच करावा लागतो, कारण खटका (दट्ट्याला अडकवून धरणारा चापाचा दात) सुटल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंत १० सहस्रांश सेकंदांच्या आसपास वेळ जातो आणि तेवढ्यात रायफल हाताखाली हललेली असते.

‘दस्ता’ आणि त्याच अर्थाचा जुना शब्द ‘कुंदा’ हे दोन्ही फारसीतून आलेले असून फारसी ‘कुंदा’ म्हणजे लाकडाचा ओंडका. ‘चाप’ची व्युत्पत्ती तितकी सरळ नाही. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, आणि ताणून सोडण्याच्या क्रियेवरून तो शब्द बंदुकीकडे आला असे म्हणता येते. पण दाबणे या अर्थाच्या ‘चापणे’, ‘चेपणे’ या क्रियापदांशी असलेले त्याचे नातेही दुर्लक्षिण्याजोगे नाही, आणि बोटाने होणारी क्रिया पाहता हा दुसरा पर्याय अधिक जवळचा वाटतो. कोल्हापुरात रेंजवर ‘ट्रिगर’ आणि ‘स्टॉक’ हेच शब्द चालतात. जुनी माणसे चापाला ‘घोडा’ही म्हणतात.

स्प्रिंगच्या हवाई बंदुकीचा आरंभ नेमका कोठे मानायचा हे ‘स्प्रिंगची बंदूक’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. जर्मन भाषक प्रदेशात साधारण सतराव्या-अठराव्या शतकांपासून भात्याच्या बंदुका प्रचारात होत्या. त्यांत स्प्रिंग आणि चामड्याचा भाता दस्त्याच्या पोटातच बसवलेला असे, आणि घरात अचूक नेमबाजी करण्यासाठी त्यांना अतिशय हलका दुहेरी चापही लावलेला असे. दट्ट्या असलेली आजची रचना मात्र १८७० च्या दशकात अमेरिकेत हॅविलँड व गन यांच्या कारखान्यात आकाराला आली असे सामान्यतः मानतात, आणि प्रौढांसाठीची भक्कम रायफल हे तिचे रूप १९०४-०५ च्या सुमारास लिंकन जेफ्रीज यांच्या आराखड्यावरून बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याने रूढ केले. चाप आणि दस्ता यांपुरते बोलायचे, तर भात्याच्या बंदुकांना आद्यत्व देणे योग्य ठरेल, कारण हलक्या चापाची गरज कारागिरांनी तेथेच प्रथम ओळखली होती.

साध्या रचनेत खटका दट्ट्याच्या खाचेत थेट अडकतो आणि स्प्रिंगचा सगळा भार त्याच्यावर येतो. हा भार ६० किलो धरला आणि तेल लावलेल्या कडक पोलादी पृष्ठांमधील घर्षण त्याच्या अष्टमांश मानले, तर खटका सरकवायला साडेसात किलोंचा जोर लागतो. चापाच्या तरफेने तो चौपट कमी केला तरी बोटावर जवळजवळ दोन किलो उरतात. तरफ आणखी लांबवावी तर चाप लांबवर रखडत सरकतो आणि नेमका सुटण्याचा क्षण बोटाला कळत नाही. खटक्याची पकड उथळ करावी तर रायफल धक्क्याने सुटण्याची भीती. थेट खटक्याच्या रायफली शतकभर या कोंडीत राहिल्या आहेत.

तीतून वाट काढली ती अनेक तरफांच्या चापाने. वायराउख या जर्मन कारखान्याचा ‘रेकॉर्ड’ चाप हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण असून त्याचा काळ १९५० च्या दशकात मानला जातो. त्यात दट्ट्याचा दांडा वरच्या तरफेत अडकतो, त्या तरफेचे दुसरे टोक खालच्या तरफेवर टेकते, आणि प्रत्येक टप्प्यावर भार कमी होत जाऊन शेवटच्या दोन कडांवर अगदी थोडा उरतो. बोटाला लागणारा जोर त्यामुळे किलोच्या खाली आणता येतो. याहूनही महत्त्वाचा गुण म्हणजे खरी दुहेरी ओढ. पहिल्या ओढीत खटक्याची बरीचशी पकड मोकळी होते, मग बोटाला स्पष्ट अडथळा लागतो, आणि त्यापुढे किंचित दाबताच रायफल सुटते. अडथळ्यापाशी विचार बदलून बोट सैल केले तर पूर्ण पकड परत येते. काही स्वस्त चापांत पहिली ओढ केवळ एका हलक्या स्प्रिंगची असते. ती हाताला तशीच वाटते, पण पकडीत तिने काहीच फरक पडत नाही.

चाप हलका करण्यासाठी खटक्यावर कानस चालवणे हा फार वाईट उपाय आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील कारखान्यांत लेथवर काम केलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही की पाणी दिलेल्या पोलादाचा कठीण थर बहुधा वरवरच असतो. तो घासून गेला की आतले मऊ पोलाद भराभर झिजते. नळी खाली मोडून (वाकवून) भरायच्या रायफलीत छर्रा घालताना खटका निसटला, तर नळी झटक्याने मिटून बोटे चिरडतात. त्यामुळे छर्रा भरताना नळी दुसऱ्या हाताने धरून ठेवणे अनिवार्य आहे. जत्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवर एखाद्या रायफलीचा चाप फार हलका लागतो, तो झिजेने. त्याला चांगला चाप समजू नये.

दस्त्याकडे वळताना रायफलीची हालचाल ध्यानात घ्यावी लागते. दट्ट्या पुढे धावू लागताच रायफल मागे सरकते, आणि टोकाशी दाबलेल्या हवेवर दट्ट्या आदळून थबकला की ती पुढे ओढली जाते. छर्रा बहुधा याच गडबडीत बाहेर पडतो. रायफल करकचून आवळल्याने ही हालचाल थांबत नाही, फक्त दर वेळी निराळी होते. म्हणून दस्त्याचा पुढचा भाग तोलाच्या जागी उघड्या तळव्यावर नुसता ठेवावा आणि दर वेळी तीच जागा राखावी, हे मत अनुभवाला पटते. चांगला दस्ता याला मदत करतो. त्याचा पुढचा भाग रुंद व सपाट असतो, गाल टेकायची कड डोळा आपोआप दुर्बिणीच्या रेषेत आणते, आणि मुठीपासून चापाचे अंतर असे असते की तर्जनीच्या पहिल्या पेराने चाप सरळ मागे ओढता येतो. हे अंतर जास्त असेल तर उत्तम चापही तिरका ओढला जातो. चापापासून खांद्याच्या पट्टीपर्यंतची लांबी प्रौढांसाठी साधारण ३४ ते ३६ सेंमी असते. शाळकरी मुलांच्या हाती तीच रायफल दिली की ती कंबर मागे वाकवून तोल सावरतात आणि दोष नेमाला दिला जातो.

लाकडात अक्रोड व बीच यांना पसंती आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. दोन्ही वेळा दस्त्याचे स्क्रू सैल होतात व नेम सरकतो. जवसाच्या तेलाचा हात आणि स्क्रूंची नियमित तपासणी एवढ्याने बरेच भागते.

हालचालच निष्प्रभ करण्याचा मार्ग स्पर्धेच्या रायफलींनी घेतला. फाइनवेर्कबाउ कारखान्याच्या रचनेत, जी १९६० च्या दशकाच्या आरंभी आली, खटका सुटताच नळीसह सगळी यंत्रणा दस्त्यातल्या रुळांवर मागे घसरते आणि दस्ता खांद्याशी स्थिर राहतो. १० मीटर एअर रायफल १९८४ मध्ये ऑलिंपिकमध्ये आली. पुढे साठवलेल्या हवेच्या रायफलींनी स्पर्धेतून स्प्रिंगला हटवले. कोल्हापूरच्या नेमबाज तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील म्युनिकचे जागतिक विजेतेपद आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ चे पॅरिसमधील कांस्यपदक ५० मीटर रायफलीतले, म्हणजे काडतुसाच्या शस्त्राचे आहे. कोल्हापुरातील दुधाळीच्या रेंजसारख्या ठिकाणी स्पर्धेचा सराव वेगळ्या रायफलींवर होतो. स्प्रिंगची रायफल मुख्यतः घरच्या सरावाची राहिली आहे. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमी व्यास आणि २० ज्यूल ऊर्जा यांच्या मर्यादेतील एअर रायफलीला परवाना लागत नाही. या मर्यादेत वेगाचा फरक मोठा राहत नाही, म्हणून रायफल घेताना दुकानातच, नियमाप्रमाणे रिकामी व सुरक्षित दिशेला धरून, गाल नीट टेकतो का व बोट चापावर पोचते का हे पाहावे.